बटणांचा डबा

अहो, ऐकलंत का? तो हातातला डबा आधी खाली ठेवा बघू. भंगारवाल्याला द्यायला काढलात ना? बटणांचाच आहे, इथपर्यंत वाजतोय. दसरा आला आणि गोंब्यांच्या, म्हणजे बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावरून उतरल्या, की आपल्या म्हैसूरच्या बन्नीमंटपातल्या घराघरांत हीच तऱ्हा. आणि वर त्या ग्राउंडवरच्या घोड्यांच्या तालमीची धूळ! सकाळी पुसलेलं दुपारी पुन्हा तसंच. तर काय सांगत होते... हां, बटणं. बटणांवर एक बाई तगली हो. लूसी री. लंडनची, म्हणजे मूळची व्हिएन्नाची.

अशा या कुंपणाजवळ. डॉक्टर गोम्पर्ट्सची ही धाकटी. त्यांच्याकडे कोण सल्ल्याला यायचं माहितीये? फ्रॉइड! तोच तो, स्वप्नांचे अर्थ लावणारा. अशा घरातली मुलगी चाकावर माती फिरवायला बसली. तेही हौस म्हणून नव्हे. रीतसर कला-शाळेत शिकली आणि 1937 साली पॅरिसच्या प्रदर्शनात रौप्यपदक मिळवलं. नवरा टोप्यांच्या कारखान्यात. घरात अक्रोडाच्या लाकडाचं फर्निचर, मापं घेऊन बनवलेलं. आणि पुढच्याच वर्षी हिटलर आला व्हिएन्नात. माणसं ज्यू. मग काय, निघाले.

आता गंमत ऐका. बाईनं ते फर्निचर मागवून घेतलं लंडनला! कपाटं, स्टुलं, सगळं. माणसं नेसत्या वस्त्रानिशी पळतात आणि हिची कपाटं मागून बोटीनं येतात. हाइड पार्कजवळच्या एका गल्लीत, जुन्या तबेल्याच्या जागेत घर. तिथं ती कपाटं बसवून दिली कुणी? एर्न्स्ट फ्रॉइडनं, त्याच फ्रॉइडच्या आर्किटेक्ट मुलानं! तेही सगळे पळूनच आलेले ना. नवरा मात्र तिथं थांबला नाही. तो गेला अमेरिकेला, 1940 साली कागदोपत्रीही मोडलं. त्यावर फार बोलू नये आपण... पण कपाटं राहिली आणि नवरा गेला, एवढं मात्र खरं.

आमच्या माहेरी कोल्हापूरला ही निर्वासितांची गोष्ट कुणाला नवी नाही म्हणा. वळिवड्याला पोलंडची पाचेक हजार माणसं होती, 1943 ते 48. आणि मुंबईचे ते लँगहॅमर? तेही व्हिएन्नाचेच, नाझींपायीच आले. टाइम्समध्ये आर्ट डायरेक्टर झाले, रझा-आरांसारख्या चित्रकार पोरांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे हिची बोट जरा इकडे वळली असती तर... जाऊ दे. वळली नाही.

तर लंडन. तिथं लूसीला ओळखतंय कोण? पॅरिसचं पदक तिथं चालत नाही, आपल्या जुन्या नोटांसारखं. त्या काळी इंग्लंडात कुंभारकामात शब्द चालायचा तो बर्नार्ड लीचसाहेबांचा. जपानात शिकून आलेले. आपल्या दिल्ली ब्लू पॉटरीच्या सरदार गुरुचरण सिंगांची नि त्यांची ओळख तिकडचीच. तर लीचसाहेबांनी हिची भांडी हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि म्हणे, फार पातळ आहेत! चेहरा कसा पडला असेल हो बाईचा. व्हिएन्नात ज्या पातळपणाचं कौतुक झालं, तोच इथं दोष. मग बसली बापडी जाडजूड मडकी करत, त्यांच्यासारखी. आणि ती काही तिला साधेनात.

पोटाला काय? तर बटणं! युद्धात बटणांचीही टंचाई. मोठमोठे फॅशनवाले कापडाचा तुकडा घेऊन दारात यायचे: याच रंगाचं बटण हवं. प्लास्टरच्या साच्यात माती दाबायची, वर ग्लेझ, भट्टीत घालायचं. रंग जुळला नाही तर पुन्हा. तुम्ही ब्लाउजपीस घेऊन देवराज अर्स रोडवर मॅचिंगसाठी दहा दुकानं पालथी घालता ना, तसंच, फक्त इथं दुकानदारीणच रंग शिजवत बसलेली. हाताखाली कोण? तिच्यासारखेच, देश सुटलेले. आणि माझं म्हणणं विचाराल तर, तिचे पुढचे ते गुलाबी, ते पिवळे, ते खडबडीत पांढरे ग्लेझ या बटणांच्याच तालमीत तयार झाले. लोक म्हणतात बटणांत वर्षं फुकट गेली. छे!

आणि 1946 साली दारात एक पोरगा. हान्स कोपर, जर्मनीचा. बाप गेलेला, इंग्लंडनं याला शत्रूदेशाचा म्हणून धरून थेट कॅनडाच्या छावणीत पाठवलेलं. मातीला कधी हात लावलेला नाही. आला बटणं भाजायला. तो 26 चा, ती 44 ची. असा चेहरा करू नका हो! मैत्री होती, जन्मभराची. नाव द्यायला आपण कोण?

तर या पोरानंच तिला सांगितलं, की लीचसाहेबांचं सोड, तुझं तू कर. बघा! पदकवालीला सांगणारा कोण, तर नवखा हेल्पर. आणि तिनं ऐकलं. पुन्हा पातळ वाडगे, निमुळत्या बुडाचे, उंच मानेच्या बाटल्या. एव्हबरीच्या म्युझियममध्ये तिनं हजारो वर्षांपूर्वीचे, रेघा कोरलेले वाडगे पाहिले आणि पक्ष्याची हाडं. बहुधा त्या हाडांनीच रेघा ओढलेल्या. झालं, घरी येऊन सुईनं ग्लेझवर रेघा ओढत बसली. आणि हो, सगळे दोनदा भाजतात, एकदा कच्चं, मग ग्लेझ लावून. ही कच्च्या भांड्यावरच ब्रशनं ग्लेझ लावून एकदाच भाजायची, विजेच्या भट्टीत. लाकडाच्या भट्टीवाल्यांनी नाकं मुरडली असतील, ती मुरडोत.

लीचसाहेब? ते पुढे चांगले मित्र झाले. लंडनला आले की हिच्याकडे उतरायचे. ती ओव्हनमधून केक काढायची आणि त्या केकची कीर्ती भांड्यांइतकीच. 1982 साली बीबीसीचे अ‍ॅटनबरो आले, तेच प्राण्यांचे. म्हातारी ऐंशीची, बुटकी, भट्टी वरून उघडणारी. तळाचं भांडं काढायला अशी वाकली की अर्धी आतच, आणि साहेबांनी मागून धरून ठेवलीये! 1991 ला डेम झाली. 1995 ला गेली. वर्कशॉप आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडलंय, आणि ती कपाटं? परत व्हिएन्नाला गेली हो. सासरी गेलेली लेक माहेरी यावी तशी.

अरे हो, ते राहिलंच. जपानचा इसे मियाके, कपडेवाला. त्यानं 1989 साली हिची चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची बटणं आपल्या नव्या कपड्यांना लावली. जुनीच बटणं, तश्शीच.

आता कळलं मी कुंपणावरून का ओरडले? भंगारवाला गेला पुढं, जाऊ द्या त्याला. काढा ते झाकण. त्यात हिरवं एक दिसतंय ना, माझ्या जुन्या स्वेटरचं पाचवं बटण असेल तर मला द्या.