दुसरी फळी

दादांच्या संस्थेत सध्या दुसरी फळी घडते आहे. फळीतल्या सर्वांत तरुण कार्यकर्त्याला मागच्या महिन्यात नातू झाला.

हे दादा कुणा एका गावचे नव्हेत, जिल्ह्याजिल्ह्यात असतात. अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, शबनममध्ये चेकबुक. तरुणपणी ते जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत होते. 1975 साली निघालेल्या या वाहिनीचा नियम कडक होता : तिशी गाठली की बाहेर व्हायचं, नव्यांना जागा द्यायची. दादा नियमाप्रमाणे बाहेर पडले, आणि हा त्याग प्रत्येक शिबिरात सांगतात. पुढे स्वतःची संस्था काढली, तेव्हा घटनेत ते कलम घालायचं तेवढं राहून गेलं.

नेतृत्वविकासाचं शिबिर तीन दिवसांचं. विषय : ‘निर्णयप्रक्रियेचं विकेंद्रीकरण’. रात्री पिठलं करायचं की आमटी, हे दादांना फोन लावून ठरतं. गट सादरीकरणाला उभा राहिला की दादा मागून ‘बोला, मोकळेपणानं बोला’ म्हणतात आणि दुसऱ्या वाक्यापासून स्वतःच बोलू लागतात. मग गोखल्यांचा दाखला येतो : 1905 मध्ये सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, 1915 मध्ये ते गेले, सोसायटी चालूच राहिली, संस्था माणसापेक्षा मोठी हवी! नेमक्या याच वाक्याला हिशेबनीस सहीवाचून अडलेली व्हाउचरं पुढे सरकवतो.

2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातले 2 टक्के समाजकार्याकडे वळवले, तसे संस्थेत बूट न काढणारे पाहुणे येऊ लागले. ते विचारतात, ‘दादा, तुमच्यानंतर कोण?’ विमा एजंटानं तब्येतीची चौकशी करावी, तसा दादांना तो प्रश्न लागतो.

राजीनामा त्यांनी दिला नाही असं नाही. विश्वस्तांनी ठराव केला, पेढे वाटले. बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यायचा असतो. त्याला जोडायचं राजीनामापत्र दादांच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली दादांबरोबर दौऱ्यावर. मुदत टळली. संस्थेच्या आग्रहाखातर दादा थांबले.

तरी माझं मत विचाराल, तर दादांइतके नेते घडवणारा माणूस विरळा. त्यांच्याशी कडाडून भांडून बाहेर पडलेल्या एक ताई आज पाड्यापाड्यांवर वनहक्काचे दावे भरून घेतात. एकानं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह उभं केलंय. ऑडिट, 80जी, प्रस्ताव लिहिणं हे सगळं ते दादांच्याच ऑफिसात शिकले. मीटिंगमध्ये आपण गप्प बसून दुसऱ्याला बोलू द्यायचं, हेही तिथंच शिकले. समोर दादा होते म्हणून.

जे भांडले नाहीत ते फळीत आहेत. पुढचं शिबिर कधी, असं त्यांना विचारलं. दादांना विचारून सांगतो म्हणाले.