गाडी घरातच, कागद दारोदार

पाडव्याला अण्णांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "आता डोळे साथ देत नाहीत, तूच वापर." आईने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. आम्हा तिघांना वाटलं, झाली गाडी माझी.

सरकारला तसं वाटत नाही.

मालकी बदलायची तर नमुना 29 च्या दोन प्रती आणि नमुना 30. 29 वर अण्णांनी सही करून जाहीर करायचं, की ही गाडी मी अमुक तारखेला अमुक इसमाला विकून ताब्यात दिली. अमुक इसम म्हणजे मी. ज्याला दुसरीत असताना स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत सोडलं, तो आता खरेदीदार. अण्णांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. "विकली कुठे? दिली."

'देणे' हे क्रियापद परिवहन खात्याच्या व्याकरणात बसत नाही. 'घेणे' बसतं.

ऑनलाइन अर्जात पुढे विक्रीची रक्कम विचारली. बापाने लेकाला गाडी कितीला विकावी? एजंट म्हणाला, "टाका काहीतरी." अण्णांनी चाळीस वर्षं हिशेबनीस म्हणून काढली. 'काहीतरी' नावाची रक्कम त्यांच्या वहीत कधी आली नाही.

एजंट कशाला, असं विचारताय? सेवा तर फेसलेस आहे, आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होते. अगदी खरं. चेहरा लागत नाही. एजंट लागतो.

सरकारी फी 300 रुपये, त्याचे 4,000. वरचे कसले? "चेसिस प्रिंट." मग तो बॉनेट उघडून आत वाकला, चेसिस नंबरवर कागद दाबून धरला आणि वरून पेन्सिल घासली. सतरा अक्षरं-आकडे कागदावर उमटले. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून हेच करायचो. तेव्हा कोणी चार हजार देत नव्हतं.

पुढचं कोडं बँकेचं. कर्ज कधीच फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून ठाण मांडून. ते उतरवायला नमुना 35 आणि बँकेची ना-हरकत. सातबाऱ्यावरचा बोजा असो की आरसीवरचा, कर्ज फिटतं, शाई फिटत नाही.

मग ई-चलान. थकलेला दंड भरल्याशिवाय फाइल हलेना. यादी निघाली: पाच चलानं, त्यातली तीन एक्सप्रेसवेवरच्या वेगाची. अण्णांनी जन्मात साठच्या वर काटा नेलेला नाही. कॅमेऱ्याने फक्त नंबर टिपला होता. चालक अण्णांनी ओळखला.

विमा म्हणे गाडीबरोबर येतो, नो-क्लेम बोनस मात्र अण्णांकडेच राहतो. आता तो त्यांनी कुठे लावायचा, रिक्षाला?

"आणि जीएसटी?" शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलंच. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर 18 टक्के ठरवले, तेव्हापासून 'तोट्यात विकली तरी कर' हा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याच बैठकीत पॉपकॉर्नच्या चवीनुसार करांचे दर सांगितले गेले, त्यामुळे लोकांना काहीही खरं वाटू लागलं तर दोष कोणाचा? खरी गोष्ट साधी आहे. कर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला, तोही त्याच्या नफ्यावर. तुम्ही-आम्ही आपापसात गाडी विकली तर जीएसटी नाही. बापाने लेकाला दिली तर त्या भेटीवर प्राप्तिकरही नाही.

गाडी दुकानाच्या नावावर असेल तर मात्र सीए गाठा. वर्षानुवर्षं धंद्याची म्हणून घसारा लावायचा आणि देताना 'घरचीच आहे हो' म्हणायचं, हे जमत नाही.

खरा कर राज्याच्या वेशीवर आहे. हीच गाडी अण्णांनी बेंगळुरूच्या धाकट्याला दिली असती तर? नमुना 28 ची ना-हरकत, कर्नाटकात पुन्हा रोड टॅक्स, मग इथल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. 'एक देश, एक कर' कोगनोळी नाक्यापर्यंतच. धाकटा म्हणाला होता, "दादालाच द्या." आम्हाला त्याग वाटला. हिशेब होता.

अमेरिकेत काय वेगळं? टेक्सासमध्ये बापाने मुलीला गाडी भेट दिली तर विक्रीकर नाही, सरसकट 10 डॉलर आणि प्रतिज्ञापत्र. कॅलिफोर्नियात भावंडांमधल्या व्यवहारालाही करमाफी आहे, पण दोघंही 18 वर्षांखालची असतील तरच. भाऊबंदकी सज्ञान झाल्यावर सुरू होते, हे तिकडेही माहीत आहे.

आपल्याकडे नात्याची कदर अगदीच नाही, असं नाही हं. 2024 पासून महाराष्ट्रात पसंतीचा नंबर पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे करता येतो. मुंबई-पुण्यात 0001 ला 6 लाख मोजावे लागतात.

नातं तेच. नंबर महाग हवा.

"राहू दे की माझ्याच नावावर," अण्णा शेवटी वैतागले. राहू द्यायला हरकत नव्हती, पण सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगून ठेवलंय: अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. म्हणजे चलानं माझी, दावे अण्णांवर.

एजंटने अण्णांचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "विक्री न लिहिता मुलाच्या नावावर होते, अण्णा. 31 नंबरचा नमुना आहे. त्यात विकणारा नसतो, नुसता वारस असतो."

"मग तोच आण की!"

"त्याला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो."

अण्णांनी पेन उघडलं. "29 इकडे दे. विकली."