अशिलाचा विटाळ

आरोपीचा वकालतनामा ज्याने स्वीकारला, त्यास आरोपीच्या गुन्ह्याचाही विटाळ होतो, हा सिद्धांत आपल्या समाजाने दंडसंहितेहून अधिक निष्ठेने जतन केलेला असून, त्याचा अंमल मात्र अशिलाची ऐपत पाहून करावा, असे एक अलिखित पोटकलमही त्यास जोडलेले आहे.

३० मार्च २००९ रोजी २६/११च्या मुंबई हल्ल्यातील आरोपी कसाबच्या बचावासाठी न्यायालयाने अॅड. अंजली वाघमारे यांची नेमणूक केली आणि बचावाचा एक शब्दही उच्चारला जाण्यापूर्वीच त्यांच्या घरावर जमाव चालून जाऊन देशभक्तीची कैफियत दगडांच्या द्वारे दाखल झाली. पुढे १५ एप्रिलला ती नेमणूक रद्द झाली, परंतु दगडांमुळे नव्हे, तर त्याच मुंबई हल्ल्यातील एका साक्षीदाराच्या भरपाईच्या प्रकरणातही बाई वकील निघाल्या म्हणून. जिला अतिरेक्याची वकीलीण ठरवले, ती पीडितांचेही वकीलपत्र बाळगून होती. पण एवढी चौकशी करण्यास जमावाला सवड कोठली?

त्याच खटल्यातील सरकारी वकील उज्ज्वल निकम आमच्या जळगावचे. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली, राज्यसभेची नियुक्तीही मिळाली, याचा खानदेशास अभिमान आहे. कसाबने बिर्याणी मागितल्याची वार्ता आपणच रचली होती, हे त्यांनीच २०१५ साली सांगून टाकले. ते ऐकून कोणी दगड उचलल्याचे मात्र ऐकिवात नाही. (उचलू नयेच.)

जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या मामल्यात, धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरविले व प्रकरण अपिलात गेले. आरोपींनी वकील दिले, तो त्यांचा हक्कच होता. त्या वकिलांना विटाळ झाल्याची फिर्याद कोणी केली नाही. उलट बड्या अशिलाच्या वकिलाला गावात नमस्कार दोन अधिक. तेच एखाद्या वकीलबाईंनी मोटारसायकलचोराच्या जामिनासाठी तारीख घेतली, की गल्लीत त्या ‘चोरांच्या वकील’ ठरतात आणि शेजारीण वाटीभर साखर देतानाही दाराची कडी तपासते.

अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे वकीलसंघांचे ठराव शून्यवत आहेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्येच दिलेला आहे. धुळे व जळगावच्या बाररूमांनी त्याची एक मराठी प्रत आपल्या भिंतीवर आणि दुसरी, शक्य झाल्यास, जवळच्या चहाच्या टपरीवर लावावी, ही नम्र विनंती.