हॉलीवूडवर ठाम मत कसे द्यावे?

वर्षाकाठी दोन-तीन इंग्रजी सिनेमे थिएटरात, चार-पाच घरी जेवता जेवता आणि बाकीचे ट्रेलरमधून बघणाऱ्या सज्जनांसाठी ही मार्गदर्शिका आहे. अभ्यासकांनी वाचू नये. त्यांना मत देण्याआधी विचार करावा लागतो, आपल्याला तेवढी सवड नसते.

१. दिग्दर्शकाला आडनावाने आणि एकेरीत हाक मारा.
‘क्रिस्टोफर नोलन यांचा चित्रपट’ हे नवख्याचं बोलणं झालं. “नोलनने इथे जरा घाई केली,” असं म्हणावं. ‘ओपनहायमर’ (२०२३) चांगला तीन तासांचा आहे, पण त्याने बिचकू नये. नेमकी घाई कुठे, असं कुणी विचारलंच तर “मध्यंतरानंतर” हे उत्तर कायम तयार ठेवावं. हॉलीवूडवाले मध्यंतर धरून सिनेमा रचत नाहीत. आपले थिएटरवालेच पात्राचं वाक्य अर्ध्यात तोडून दिवे लावतात, कारण समोसे खपायचे असतात. तरीही ‘मध्यंतरानंतर पकड सुटते’ हे मत गेली कित्येक दशकं एकदाही खोडलं गेलेलं नाही.

२. एक तपशील घोटून ठेवा.
कथानक आठवत नसेल तेव्हा तपशील कामी येतो. ‘गॉडफादर’चा (१९७२) विषय निघाला की थेट मांजरावर यावं. मार्लन ब्रँडोच्या मांडीवरचं ते मांजर पटकथेत नव्हतं, स्टुडिओच्या आवारात फिरणारं भटकं मांजर होतं. ते इतक्या जोरात गुरगुरत होतं की ब्रँडोचे संवाद नीट ऐकू येईनात. हे सांगताना आपला हात हवेत मांजर कुरवाळल्यासारखा फिरवावा. तेवढ्यात समोरचा “शेवटी मायकेलचं दार का लावलं जातं?” हे विचारायचं विसरलेला असतो. ‘जॉज’साठी (१९७५) यांत्रिक शार्क आहेच: समुद्रात ती सारखी बिघडायची, म्हणून स्पीलबर्गने ती कमी दाखवली आणि प्रेक्षक जास्त घाबरले. सिनेमा पाहिलेला नसला तरी हे सांगता येतं.

३. ऑस्करबाबत दोनच भूमिका ठेवा.
मिळालं तर “लॉबिंग असतं हो सगळं,” आणि नाही मिळालं तर “अन्याय झाला.” दुसरीसाठी ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) हाताशी ठेवावा. सात नामांकनं, एकही पुतळा नाही, वर तिकीटबारीवरही आपटला. त्या वर्षी ‘फॉरेस्ट गंप’ने सहा ऑस्कर नेले. गंमत म्हणजे आपल्याला दोन्ही आवडलेले असतात. पण हे कबूल केलं तर अन्याय कुणावर झाला, ते ठरवता येत नाही. म्हणून गप्प राहावं.

४. टायटॅनिकच्या फळीवर तज्ज्ञ व्हा.
‘टायटॅनिक’ला (१९९७) अकरा ऑस्कर मिळाले, पण चर्चा फळीचीच करायची असते: “दोघं मावले असते की!” जेम्स कॅमेरॉनचं म्हणणं असं, की प्रश्न जागेचा नव्हता, फळी दोघांच्या वजनाने बुडाली असती. लोकांनी इतकं छळलं की २०२३ साली त्याने माणसं थंड पाण्यात उतरवून चाचण्या करून दाखवल्या. त्यातल्या एका प्रकारात जॅक कदाचित वाचला असता, हे त्यालाच मान्य करावं लागलं. मात्र डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला या चाचण्यांची गरज नाही. तीन जणांच्या बाकावर चौथा कसा टेकतो, हे तो जन्मभर बघत आलाय. “जरा सरकून घ्या” असं म्हणायचं सुचलं नाही, हीच त्या प्रेमकथेची शोकांतिका, असं त्याने बेधडक सांगावं.

५. आपला माणूस शोधा.
‘मिशन इम्पॉसिबल: घोस्ट प्रोटोकॉल’मध्ये (२०११) टॉम क्रूझ बुर्ज खलिफाला लटकतो, आपण मात्र अनिल कपूर किती मिनिटं दिसला यावर बोलावं. ‘टेनेट’ (२०२०) न कळल्यास “डिंपलने खाऊन टाकलं सगळ्यांना” म्हणावं आणि गेटवे ऑफ इंडियाकडे वळावं. काळ उलटा का धावतो, हे विचारणाऱ्याला “दुसऱ्यांदा बघ” असा सल्ला द्यावा. पहिल्यांदा आपण कितपत बघितला, हा आपला खाजगी मामला.

६. एका माणसापासून सावध राहा.
वरचे सगळे उपाय एकाच कामाचे आहेत: सिनेमा आपल्याला आवडला की नाही, हे कुणाला कळू नये. म्हणून ज्याला हे लपवावंसं वाटत नाही, तो माणूस धोक्याचा. बहुधा ती एखादी काकू असते. गवार मोडता मोडता तिने टीव्हीवर ‘शॉशँक’ बघितलेला असतो. दिग्दर्शकाचं नाव तिला ठाऊक नसतं, ऑस्करशी देणंघेणं नसतं. ती एवढंच म्हणते, “तो त्या घाणीच्या पाइपातून सरपटत बाहेर येतो ना, आणि पावसात हात पसरून उभा राहतो... मला इतकं बरं वाटलं रे! तुला नाही वाटलं?”

इथे मांजर उपयोगी पडत नाही. शेवटचा उपाय म्हणून “ती रॉजर डीकिन्सच्या कॅमेऱ्याची कमाल, काकू,” असं म्हणून बघावं. काकू विचारते, “कोण डीकिन्स? तो मेला वॉर्डन?” अशा वेळी मुकाट्याने “हो” म्हणून टाकावं. समजावत बसू नये, कारण घरातली बाकीची मंडळी एव्हाना आपल्याला सोडून तिच्याकडे वळलेली असतात आणि वॉर्डनचं पुढे काय झालं, ते आपल्यालाही ऐकायचं असतं.