समुद्राचा जावई

अधिक महिना आला की मराठी जावयाचा भाव वधारतो. ताटात तेहतीस अनारसे, पुरण भरलेले धोंडे, सासूबाईंचा आग्रह आणि सासऱ्यांचा दबलेला सुस्कारा. हा मान साधारण तीन वर्षांतून एकदा मिळतो. ज्यांना तो दर सुट्टीत हवा असतो आणि ज्यांचा खिसाही तेवढा खोल असतो, त्यांची सोय आता समुद्रात झाली आहे. तिला 'फुल सर्व्हिस डायव्हिंग' म्हणतात. तिथेही ताट आहे, आग्रह आहे, आणि धोंडाही आहे. फक्त तो शिशाचा असतो आणि जावयाच्या कमरेला बांधून त्याला पाण्यात सोडतात.

मालदीवमध्ये तर आठवडाभर बोटीवरच राहायची व्यवस्था होते. म्हणजे थेट घरजावई. मोठ्या बोटीत वातानुकूलित खोल्या आणि तिच्या मागोमाग 'धोणी' नावाची दुसरी होडी, कोकणातल्या डोणीची श्रीमंत आतेबहीण शोभावी अशी. हवेच्या टाक्या, कॉम्प्रेसर, ओले सूट असा सगळा पसारा धोणीवर असतो. घरजावयाच्या वामकुक्षीत कॉम्प्रेसरची घरघर येऊ नये, एवढीच त्यामागची माया. पहाटे घंटा वाजते. जावई डोळे चोळत धोणीवर येतो तोवर त्याचं जाकीट टाकीला बांधून झालेलं असतं, श्वासाची नळी जोडून झालेली असते. एक खलाशी पायात फिन चढवतो, दुसरा मास्क हातात देतो. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकून विसळायची पाणबुड्यांची जुनी रीत आहे. इथे तीही मेहनत बाटलीतल्या औषधावर भागते. पाण्यातून वर आलं की गरम टॉवेल, आल्याचा चहा आणि ब्राउनी. दहावीपर्यंत आईकडून बुटाची नाडी बांधून घेतलेल्या माणसाला याहून मोठं सुख कोणतं?

गंमत अशी की 'स्कूबा' या नावातला 'एस' म्हणजे 'सेल्फ'. १९४३ साली फ्रेंच नौदलातले झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यान यांनी 'ॲक्वालंग' तयार केलं. टाकीतली हवा, जेव्हा हवी तेव्हा, हवी तेवढी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने तोंडात सोडणारं ते यंत्र. वरच्या होडीतून येणाऱ्या नळीच्या दावणीतून पाणबुड्या सुटला. तो स्वावलंबी झाला. आज ऐंशी वर्षांनी तो पुन्हा होडीला बांधला गेला आहे, या खेपेला ब्राउनीने.

आता एवढा खर्च करायचा म्हणजे ऑपरेटर पारखून घ्यायला हवा. जावई पारखतो. व्हॉट्सॲपवर त्याचे प्रश्न चोख असतात. कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळेल का? वायफाय खोलीत येतं का? टॉवेल रोज बदलतात का? ड्रोनने चित्रीकरण करून देता का? व्हेल शार्क दिसेलच ना, आणि नाही दिसला तर पैसे परत का? या प्रश्नांची उत्तरं ऑपरेटर पाच मिनिटांत देतो, सोबत हात जोडल्याचं चित्रही पाठवतो. बोटीवर ऑक्सिजन किती आहे, तो द्यायला कोण शिकलंय, एका वाटाड्यामागे पाण्यात किती माणसं असतात, आजारी पाणबुड्यावर उपचार करणारा दाबकक्ष कुठे आहे, हे प्रश्न मात्र लग्नाच्या बैठकीत मुलाच्या पगाराची पावती मागावी तसे ओशाळवाणे वाटतात, म्हणून राहून जातात. मालदीवमध्ये असा दाबकक्ष बांडोस बेटावर आहे. जावयाला बांडोस ठाऊक असतं ते तिथल्या स्पामुळे.

खरा घोळ त्या तयार ताटातच आहे. टाकीच्या तोंडाशी एक झडप असते. पाण्यात उडी मारण्याआधी धोणीवरचा एखादा मायाळू खलाशी शेवटचं म्हणून ती तपासायला जातो. गर्दीत त्याची दिशा चुकते. उघडी झडप तो बंद करतो आणि जुन्या सवयीने अर्धा फेरा मागे फिरवतो. आता ती जेमतेम किलकिली उरली आहे. काटा २०० बार दाखवतो, म्हणजे टाकी भरलेली. धोणीवर दोन श्वास घेतले तर हवा येते. जावई अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक' अशी खूण करतो आणि पाण्यात झेपावतो. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते. किलकिल्या झडपेतून ती येत नाही. पाठीवर बावीसशे लिटर हवा आणि तोंडात आवंढा.

यावर उपाय दहा सेकंदांचा आहे. काट्याकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्यायचे. श्वासागणिक काटा खाली डुचमळला तर झडप नीट उघडलेली नाही. पहिल्याच अभ्यासक्रमात हे शिकवतात. पण त्यानंतरच्या पन्नास डाइव्ह ज्याने खलाशांच्या हातून जेवल्या, त्याला काटा असतो हेच आठवत नाही. त्याला आठवतो तो मनातला झळाळता माहितीपट, ज्यात तो नायक आहे.

आणखी एक क्षुल्लक सेवा असते. तिची जाहिरात कुणी करत नाही, ती म्हणजे डोकी मोजणं. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक डाइव्ह-बोट सव्वीस पर्यटक घेऊन गेली. परतताना एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची बॅग सापडली तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं. ते दोघे पुन्हा सापडले नाहीत. क्वीन्सलंडमध्ये त्यानंतर माणसं मोजण्याचे नियम कडक झाले, आणि २००३ मध्ये 'ओपन वॉटर' हा सिनेमा या घटनेवर बेतला गेला. आज चांगल्या बोटीवर वाटाडा नाव पुकारून, प्रत्येकाकडून तोंडी 'हजर' वदवून घेतो. शाळा सुटून तीस वर्षं झालेल्या जावयाला त्यात अपमान वाटतो.

अपमानाची दुसरी जागा म्हणजे प्रकृतीचा अर्ज. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. दमा, हृदय, कान, शस्त्रक्रिया, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल. एकाही प्रश्नाला 'होय' आलं तर पुढची पानं उघडतात, आणि कधी डॉक्टरची सही लागते. धोंड्याच्या पंगतीत मधुमेह लपवून चौथा धोंडा खाणारा जावई इथेही दहाच्या दहा 'नाही' लिहून मोकळा होतो. आता पारख बघा. एक ऑपरेटर अर्ज न वाचता फायलीत सारतो आणि शहाळं पुढे करतो. दुसरा विचारतो, "साहेब, खिशातला तो इन्हेलर कुणाचा?" आणि त्या दिवशी पाण्यात उतरवत नाही. पहिल्याला पाच तारे मिळतात. दुसऱ्याबद्दल लिहिलं जातं: 'आतिथ्यशीलता कमी.'

इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत मात्र सेवा शब्दशः शिगेला पोचते. तिथे मोठे मासे बघायला कुणी जात नाही. काळ्या वाळूत वाटाडा तासभर शोधून एका पंखाकृती प्रवाळावर धातूची काडी रोखतो. तिथे दोन सेंटिमीटरचा बटू समुद्रघोडा असतो, रंगाने आणि फोडांनी हुबेहूब प्रवाळासारखाच. विज्ञानालाही तो असाच चुकून सापडला. १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात एका संग्रहालयासाठी प्रवाळ गोळा केलं, आणि त्यावर हा घोडा बसला आहे हे ते तपासताना दिसलं. जावयाची चाळीशी केबिनमध्ये राहिलेली असते. त्याला काहीच दिसत नाही. पण एवढा मान दिल्यावर नाही कसं म्हणायचं? तो खूश होऊन अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'झकास' नसतो, 'वर चला' असा असतो. वाटाडा मुकाट्याने त्याला वर घेऊन येतो.

एवढ्या लांब जाऊन जे मिळतं त्याची देशी आवृत्ती मालवणात कधीपासूनच आहे. 'पोहता येत नसलं तरी चालेल' अशी पाटी तिथे बेधडक झळकते. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची रीतसर प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकणारे शिकतात. बाकीची गर्दी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात उतरते. मागून एक मालवणी पोरगा टाकीची मान धरून उभा असतो, पाण्यात मांजराचं पिल्लू धरावं तसा. मासे यावेत म्हणून पाव. हे १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य आहे, पण माशांनाही आता पावाची चटक लागली आहे. वर आलं की व्हिडिओ फुकट. निदान इथे कुणी स्वतःला पाणबुड्या समजत नाही, सामान समजतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा काही दिवस लाइफ जॅकेटांची चर्चा झाली. पावसाळा आला, बोटी किनाऱ्याला लागल्या, आणि चर्चाही शाकारून ठेवली गेली.

मालदीवच्या घरजावयाचा शेवटचा दिवस कोरडा जातो. अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जायला हवेत, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे धरतो. "सकाळी एकच, छोटी?" म्हणून जावई हट्ट करतो. वाटाडा हसून नाही म्हणतो आणि तासांचं गणित मांडतो. जावई रुसतो. मग अभिप्रायाचा कागद येतो आणि तो मन लावून भरतो. ब्राउनी उत्तम, टॉवेल उत्तम, वाटाडा जरा हटवादी. 'सुधारणेस वाव' या रकान्यात मात्र तो थोडा वेळ विचार करतो. आठवडाभर धोणीच्या बाकाखाली एक हिरवी पेटी होती, फिन चढवताना रोज तिच्यावर पाय ठेवावा लागत होता. तो लिहितो, 'बाकाखालची ऑक्सिजनची पेटी हलवावी, पाय मोकळे सोडायला जागा होत नाही.'