कंसमामा

ज्याला सगळं येतं असा एक माणूस तुमच्याही नात्यात असेलच. आमचे मामा त्यातले नव्हेत. त्यांना एकच गोष्ट येते आणि माझ्या ओळखीत ती दुसऱ्या कुणालाच येत नाही, त्यामुळे जावं लागतं. गेलं की चहाच्या आधी ते एक वाक्य देतात, "लहान करून आण."

ती एक गोष्ट म्हणजे लिलीपॉण्ड. पाश्चात्त्य पद्धतीचं, पाच रेघांवरचं स्वरलेखन छापायचं हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. यात माऊसनं स्वर उचलून रेघेवर ठेवणं वगैरे लाड नाहीत. सी, डी, ई अशी अक्षरं टाइप करायची, पुढं लांबीचा आकडा लिहायचा, वरच्या सप्तकासाठी अपॉस्ट्रॉफीची एक टिकली द्यायची, फाईल त्याच्या तोंडात घालायची आणि देवाचं नाव घेऊन वाट बघायची. पान सुंदर येतं. आलं तर. १९९६ साली दोन डच संगीतप्रेमींनी हे सुरू केलं, हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन. मामा ही नावं सोसायटीतल्या शेजाऱ्यांची घ्यावीत तशी घेतात. शेजाऱ्यांची नावं मात्र त्यांना आठवत नाहीत.

यात काही नेहमीपेक्षा वेगळं करायचं झालं, की 'स्कीम' नावाच्या भाषेत लिहावं लागतं. ही १९७५ मध्ये अमेरिकेत एमआयटीत जन्मली आणि तेव्हापासून कंसांवर जगते. कंसात कंस, त्यात कंस. शिवाय क्रिया आधी. दोन अधिक तीन म्हणायचं नाही, 'अधिक दोन तीन' म्हणायचं. आपण जन्मभर क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवून समोरच्याला ताटकळत ठेवणारी माणसं, आपल्याला हे कसं झेपावं? मामा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत बोटानं मोजायचे, "सहा उघडलेस, पाच मिटलेस. कंस राहिला." म्हणून ते कंसमामा. पुराणातल्या कंसानं बहिणीची सहा मुलं मारली म्हणतात. मी आठवा असूनही माझं काही कृष्णासारखं झालं नाही.

तर, आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणपतीत यंदा वाद्यवृंद बसवायचा होता. दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, पेटी. मी उत्साहानं बारा पानं लिहिली आणि संगणकानं एकही पान न देता शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटची ओळ तर निर्दोष! मामांकडे गेलो.

"चूक तिसऱ्या ओळीत असते, रडते शेवटच्या ओळीत," मामा म्हणाले. "आपल्या घराण्यासारखं. लहान करून आण."

म्हणजे बारा पानं नेऊन दाखवायची नाहीत. चुकीशी ज्याचा संबंध नाही ते एकेक काढत जायचं, चूक तेवढी शिल्लक ठेवायची, आणि ती चार-सहा ओळींची फाईल घेऊन यायचं. मी पेटी काढली, चूक राहिली. क्लॅरिनेट काढलं, राहिली. दुसरं व्हायोलिन काढलं आणि चूक पळाली. बघतो तर महिरपी कंस उघडून मी जेवायला उठलो होतो. मामांकडे जायची गरजच उरली नाही. हीच त्यांच्या मदतीची खरी मेख. ते मदत करतच नाहीत, तुमच्याकडून करवून घेतात आणि श्रेय लाटतात.

पुढचा आठवडा असाच गेला. गत डी मेजरमध्ये होती. तसं वर लिहिलं की एफ आपोआप तीव्र होईल असा माझा भाबडा समज. छापून आलं तर प्रत्येक एफपुढं शुद्धाची खूण! "प्रत्येक वेळी फिस लिहायचं," मामा म्हणाले. एफ शार्पला हे डच लोक फिस म्हणतात. मी चिडलो. एकदा सांगितल्यावर परत परत कशाला?

"भातखंड्यांनी काय केलं? भैरवी म्हटल्यावर रे, ग, ध, नी कोमल हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी प्रत्येक कोमलाखाली आडवी रेघ मारलीच ने? जे लिहिलं तेच खरं." मग बडोद्याचा इतिहास. १८८६ साली सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली, त्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी काढली. १९१६ मध्ये देशातली पहिली संगीत परिषद भातखंड्यांच्या पुढाकारानं इथंच भरली आणि स्वर लिहायचे कसे यावर मोठमोठ्या लोकांनी खल केला. "आणि तुला एक फिस लिहायला जड जातं."

असो. मला मुद्दा पटला, पण मामांनी तो लहान करून आणायला हरकत नव्हती.

कारण हे वाक्य ते सगळ्यांनाच ऐकवतात. खालचे पटेल पार्किंगची तक्रार घेऊन आले, सोसायटीच्या स्थापनेपासून सुरुवात केली. मामा म्हणाले, "नानुं करीने लाव." नात्यातल्या एका मुलीचं स्थळ आलं, चार पानी माहिती, मामांच्या शेऱ्यासह परत. मामी वाण्याची यादी लिहिते तीही अडते. छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर मामांनी घरूनच सगळं गाळून नेलं होतं: "जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर, डावा खांदा. बाकी काही नाही." डॉक्टर म्हणाले, असा पेशंट पाहिला नाही. मामी सांगते, "मला बघायला आले तेव्हा गाणं म्हणायला सांगितलं, आणि म्हणाले, फक्त अस्ताई म्हणा."

गंमत अशी की स्वतः मामांना सूर नाही. गणपतीच्या आरतीत त्यांच्या शेजारी उभा राहणारा दरवर्षी बदलतो. मात्र भर दारूबंदीच्या गुजरातेत रात्री दीड वाजता मला फोन करून "तुझा बार चुकलाय" म्हणणारे तेच. (बारमधली मात्रांची बेरीज जुळली नाही की लिलीपॉण्ड तशी तक्रार करतं. माझी बायको हे अजून मानायला तयार नाही.)

मग गाता येत नाही, वाजवता येत नाही, त्या माणसाला हे वेड कुठून? मी एकदा विचारलं. उत्तर लहान आलं: "बाबा नकला करायचे."

मामांचे वडील संस्थानच्या बँडसाठी वाद्यांचे कागद हातानं उतरवून काढत. बँडमास्तराच्या मूळ बाडातून प्रत्येक वाजवणाऱ्याला त्याच्यापुरता कागद. टाकानं, शाईनं, रेघा स्वतः आखून. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. बँडमास्तराचं बाड कुठं गेलं, घरात कुणी विचारलं नाही. आजोबा पुढं हिशेब उतरवू लागले.

लिलीपॉण्ड करणाऱ्यांचं म्हणणं असं, की जुन्या हातकोरीव छपाईत स्वरांमधली जागा जशी श्वास घेते तशी संगणकाच्या पानावर घेत नाही. ती परत आणायची. मामांनी हे कुठंतरी वाचलं आणि निवृत्तीनंतर कंस मोजायला बसले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "एक दाखवायचंय. ये ने." मामा मला काही दाखवणार, हे पहिल्यांदाच. टेबलावर पिवळा पडलेला एकच कागद, काचेखाली, कडा मोडलेल्या. शेजारी त्यांनी छापलेलं पान. स्वरांमधली अंतरं, दांड्यांची उंची, वळसे, सगळं त्या कागदाबरहुकूम. मी दोन्ही बराच वेळ बघत राहिलो.

"बरोबर आलंय," मी म्हणालो. "अडलंय कुठं?"

"अडलं नाही. मुख्य चाल काय असेल, ते सांगता येतं का बघ. तू वाजवणारा."

मी कागद परत पाहिला. वरच्या कोपऱ्यात फक्त 'क्लॅरिनेट २' लिहिलं होतं. गाण्याचं नाव नाही. मधूनमधून दोन-दोन स्वरांची साथ, तीही खालच्या पट्टीतली. यावरून चाल ओळखणं म्हणजे नुसत्या डग्ग्यावरून तबलजी कुणाला साथ करतोय ते सांगणं.

"मामा, बाकीचे कागद?"

"एवढाच राहिला."

मी ते वाक्य म्हणालो नाही. मामीनं चहा ठेवला. मामा चष्मा पुसत होते, मी फाईल उघडून बघितली. पहिली ओळ व्हर्जनची, कंस सगळे मिटलेले. सुरुवातीचे बावीस बार क्लॅरिनेट गप्प आहे. मामांनी ते एका ओळीत लिहिलंय: विश्रांती गुणिले बावीस.