कोकिळांची मळणी

‘आमच्या गावात पिक चांगले येते’ हे वाक्य मी सहावीत ‘माझे गाव’ या निबंधात लिहिलं आणि कृष्णाकाठच्या आमच्या अख्ख्या गावावर पक्षिहत्येचं पातक आणलं.

मराठीच्या बाईंनी माझी वही उघडली, चष्मा नाकावर जरा खाली ओढला आणि अगदी आस्थेनं विचारलं, “तुमच्याकडं पिक फार आहेत का रे?”

“व्हय बाई. यंदा तर लई.”

“कुठं असतात?”

“रानात. मळ्यात पण असत्यात.”

“मग त्यांचं काय करता?”

“कापतो, बाई.”

बाईंच्या चेहऱ्यावर कळ उमटली. “सगळे?”

“सगळं. इळ्यानं. मग खळ्यावर टाकून मळणी करतो.”

“म्हणजे अंगावर बैल घालता?”

“व्हय. चार-चार बैल.”

“अरेरे!” बाई म्हणाल्या. “ओरडत नाहीत?”

“कोण, बैल?”

“नाही रे, पिक.”

वर्ग गप्प झाला. ज्वारी ओरडते का, या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मग बाई उठल्या, फळ्यावर एकाखाली एक दोन शब्द लिहिले, ‘पिक’ आणि ‘पीक’. पहिल्यापुढं लिहिलं, ‘कोकीळ’. दुसऱ्यापुढची जागा मोकळी ठेवली आणि खडू माझ्या हातात दिला.

मग सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण इळ्यानं कोकीळ कापून पोती भरणारे आमचे तात्या माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. बाई म्हणाल्या, “हसा, पण याचे आभार माना. याच्यामुळं आज आपल्याला कोकिळाचा एक जादा शब्द मिळाला.” मला वाटलं, आपण काहीतरी बक्षिसाचं काम केलं. चूक केली होती हे मला संध्याकाळी, म्हशीला पाणी पाजताना कळलं.

बाईंची पद्धत ही अशी होती. त्या चुकीला चूक म्हणत नसत. त्या चुकीवर विश्वास ठेवत. तुम्ही जे लिहिलंय ते तुम्हाला खरोखरच म्हणायचंय, असं गृहीत धरून चौकशी सुरू करत. एका मुलीनं ‘आम्ही दिन-रात अभ्यास करतो’च्या ऐवजी ‘दीन-रात’ लिहिलं, तेव्हा बाईंनी तिच्या घरची परिस्थिती विचारली आणि ‘दीन म्हणजे गरीब’ हे कळेपर्यंत त्या मुलीला कुणीतरी खाऊपण आणून दिला होता. एकानं लिहिलं, ‘आजी चरख्यावर सुत काढते.’ बाई म्हणाल्या, “सुत म्हणजे मुलगा. किती काढले आजवर?” तो म्हणाला, “आज दोन झाले.” त्याचा रोख लडींवर होता.

बाकीचे गुरुजी इतका वेळ घालवत नसत. गणिताच्या गुरुजींकडं निरगुडीची शिमटी होती आणि तिचं व्याकरण साधं होतं: एका चुकीला एक, दोन चुकांना दोन, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. इतिहासाच्या सरांची जीभ शिमटीच्या वरताण होती. पुढं २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली, तेव्हा मला आमची शाळा एकदम कायद्यानुसार दोन विभागांत वाटलेली दिसली. बाई कुठल्याच विभागात बसत नव्हत्या. वहीतही त्या लाल शाई वापरत नसत. चूक असलेल्या ओळीसमोर समासात पेन्सिलीनं एक टिंब द्यायच्या. याचा अर्थ, या ओळीत कुठंतरी काहीतरी आहे, तुझं तू शोध. मी कित्येकदा एका टिंबापायी ओळीतले सगळेच शब्द बदलून टाकले आणि नेमका चुकलेला तेवढा जसाच्या तसा ठेवला. तरीही टिंब पुन्हा तसंच, तितकंच बारीक यायचं. वाढायचं नाही, दाबून उमटायचं नाही. या बाईला राग येतो कसा, हे बघायची आम्हाला फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही.

पिकाचं प्रकरण मात्र तिथं संपलं नाही. एकदा धडा शिकल्यावर माणूस तो नको तिथं वापरतो. पुढच्या निबंधात मी छाती काढून लिहिलं, ‘आमच्याकडे दोन पीके घेतात.’ समासात टिंब. मी वही घेऊन थेट टेबलाशी गेलो. अन्याय झाला होता.

“बाई, तुम्हीच सांगितलं हुतं, पी दीर्घ.”

“एसटीनं कधी गेलायस?”

“कऱ्हाडला, बाई.”

“बाकावर एकटा असलास की कसा बसतोस?”

“ऐसपैस.”

“आणि शेजारी कुणी आलं की?”

“सरकतो.”

“पीक पण सरकतं,” बाई म्हणाल्या. “एकटं असलं की ऐसपैस, पीक. मागं कुणी येऊन बसलं की अंग चोरतं. पिके, पिकाला, पिकात. फूल, फुलाला. गरीब, गरिबाला.”

हा नियम मला त्यानंतर अनेक विद्वानांच्या पुस्तकांत ‘उपान्त्य’, ‘सामान्यरूप’ असल्या भारदस्त शब्दांत भेटला, पण मला अजूनही त्याच्यामागं कऱ्हाडची लाल गाडी दिसते. मी तेव्हा हुशारी करून विचारलं होतं, “मग ‘गुण’ एकटा असून आखडून का बसतो?” बाईंनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. “तो तत्सम. संस्कृतातनं रिझर्व्हेशन करून आलाय. त्याची जागा ठरलेली. मागं कुणी येवो न येवो, तो हलत नाही. तुझा तो पिक पण त्याच डब्यातला.” तत्सम शब्दांविषयी माझ्या मनात तेव्हापासून जी थोडी अढी आहे, ती आरक्षण करून खिडकीशी बसलेल्या प्रवाशाविषयी उभ्या माणसाला असते तेवढीच आहे.

बाई इतक्या सौम्य का, याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. ते कारण त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर होतं.

बाईंचा अंगठा दिवसभर पांढरा असायचा. त्या फळ्यावर ‘गांव’ लिहीत आणि लगेच वरचं टिंब अंगठ्यानं पुसत. ‘पांच’ लिहीत, पुसत. ‘नांव’, पुसत. आम्हाला तो खेळच झाला होता. बाईंनी टिंब दिलं रे दिलं की मागच्या बाकावरून आरोळी यायची, “बाई, टिंब!” आणि बाई वळून म्हणायच्या, “हो की रे. सवय मेली!” बाईची चूक काढायला मिळते म्हणून आम्ही फळ्याकडं जेवढं डोळे फाडून बघत होतो, तेवढं आयुष्यात पुन्हा कशाकडं बघितलं नसेल.

त्या टिंबांना खानदान होतं. ‘ग्राम’मधला म घासत घासत नाकात गेला आणि गांवाच्या डोक्यावर टिंब होऊन बसला. ‘नाम’चं ‘नांव’ झालं, ‘पंच’चे ‘पांच’. टिंब म्हणजे आजोबांचा फोटो. उच्चारात नसला तरी भिंतीवर हवा. बाईंनी व्हर्नाक्युलर फायनलला या असल्या फोटोंवर शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आणि १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं केलेले चौदा नियम सरकारनं मान्य केले. त्यात पहिल्या झटक्यालाच असली टिंबं गेली. १९७२ मध्ये आणखी चार नियम येऊन ते अठरा झाले. म्हणजे संख्येनं गीतेच्या अध्यायांशी बरोबरी, आचरणाच्या बाबतीतही जवळपास तेच. पण बाईंचं जे व्हायचं ते १९६२ लाच झालं होतं. आदल्या दिवशीपर्यंत तालुक्यात ज्यांच्याइतकं शुद्ध कुणी लिहीत नव्हतं, त्या बाई हात न हलवता अशुद्ध झाल्या. बरोबर असलेलं माणूस एका आदेशानं चुकीचं ठरतं, हे ज्यानं भोगलंय, तो सहावीतल्या पोराच्या ज्वारीवर शिमटी कशी उगारणार?

(टिंबं सगळी गेली असं मात्र नाही. बोलण्यातलं ‘केलं’, ‘म्हटलं’ लिहायचं तर ते टिंबाशिवाय लिहिताच येत नाही. वर बघा, हा लेख म्हणजे ठिपक्यांची रांगोळी झालाय.)

आता मला कधी कधी वेगळाच संशय येतो. पंधरा-सोळा वर्षं झाली होती नियमांना. एवढ्या काळात सवय मोडत नाही? की आम्हाला रोज कुणाची तरी चूक काढण्याचं सुख मिळावं आणि त्या निमित्तानं आमची नजर फळ्यावर राहावी, म्हणून बाई मुद्दाम टिंबं पेरत होत्या?

पोटापाण्यासाठी मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक झालो. खिळे जुळवण्याचा तो शेवटचा जमाना. ओल्या शाईच्या गॅलीवर दिवसभर मी समासात खुणा करत असे, आणि घरच्यांना वाटे, हा शिकलेला माणूस. वस्तुस्थिती एवढीच, की बाईंची पेन्सिल माझ्याकडं आली होती. निवृत्त झाल्यावर ती खिशात राहीना, म्हणून मी आमच्या सोसायटीकडं वळलो.

सेक्रेटरींनी ग्रुपवर सूचना टाकली होती. (तिच्यात ‘सुचना’ असं होतं, पण ते मी सोडून दिलं. महाराष्ट्रात ‘सूचना’ दीर्घ लिहिलेली पाटी दिसली तर तिथं नारळ फोडावा.) मजकूर असा: ‘उद्या टाकी धुवायची असल्याने सर्वांनी पाणि जपून वापरावे.’ संस्कृतात पाणि म्हणजे हात, पाणिग्रहण त्यातलंच. मला एकदम सहावीचा वर्ग आठवला. मी बाईंच्या आस्थेनं लिहिलं, ‘दोन्ही जपून वापरायचे, की एक चालेल?’

उत्तर लगेच आलं. ‘दोन्ही काका. पिण्याचं पण आणि बोअरचं पण.’

मी माघार घेतली नाही. बाईंनी बैलांपर्यंत चौकशी नेली होती. मी लिहिलं, ‘माझा उजवा तसाही जपूनच वापरतो. हल्ली दुखतो.’ यावर सेक्रेटरींनी एका फिजिओथेरपिस्टचा नंबर पाठवला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तीळतेल घेऊन आल्या. रात्री दोघा-तिघांनी फोन करून, डावा हात तर दुखत नाही ना, छातीत कळ वगैरे, असं दबक्या आवाजात विचारलं. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, सरळ सांगा ना, णी दीर्घ. एवढा घोळ कशाला?”

मी सरळ सांगितलं. सेक्रेटरींनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तोही पाणीचाच भाग, असं लिहून मी पाठवलंसुद्धा, आणि मग लक्षात आलं, की मराठीच्या नियमानं सुटा हातवाला पाणिही दीर्घच, म्हणजे माझी चौकशीच चुकली होती. कुणी चूक काढली नाही. ग्रुपवर समास नसतो.

या विद्येला पस्तीस मिनिटांचा तास लागतो, समोर बसलेलं पोर लागतं आणि ते उठून जाऊ शकत नाही ही सोय लागते. शिवाय विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘बघ, कसा सापडलास’ हे दिसता कामा नये. माझ्या चेहऱ्यावर ते फोनमधूनही दिसत असणार.

माझ्या लग्नाची पत्रिका आमच्याच छापखान्यात छापली होती. तिचं प्रूफ मी तीनदा वाचलं, एकदा तर शेवटाकडून सुरुवातीकडं. तीनशे पत्रिका वाटून झाल्या. बाईंना मी स्वतः जाऊन अक्षत दिली. त्यांनी पत्रिका उलगडून पूर्ण वाचली, अगदी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत, आणि म्हणाल्या, “कागद छान आहे.”

लग्नाला त्या एसटीनं आल्या, पहिल्या पंगतीला जेवल्या, पाकीट हातात ठेवलं आणि चार वाजताच्या गाडीनं परत गेल्या. रात्री आहेराची पाकिटं उघडताना त्यांचं पाकीट निघालं. आत अकरा रुपये होते. बाहेर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: शुभाशीर्वाद. त्यातला ‘शी’ बाकीच्या अक्षरांपेक्षा केसभर मोठा होता. त्याची वेलांटी शिरोरेघेवरून सावकाश जाऊन खाली टेकली होती. मी उठून ट्रंकेतली पत्रिका काढली. ‘आपले आशिर्वाद हाच आमचा आहेर.’

बायको म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. अभ्यास.”

अकरा रुपये त्याच आठवड्यात खर्च झाले. पाकीट कपाटात आहे. आहेर लिहिणाऱ्याला सोपं जावं म्हणून बाईंनी त्याच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि त्याखाली ‘गांव’ असं लिहून पुढं आमच्या गावाचं नाव. टिंब स्पष्ट आहे. अंगठा फिरवल्याची खूण नाही. मी चाळीस वर्षं लोकांची टिंबं काढून पोट भरलं. ते एक तेवढं तसंच ठेवलंय.